पुढच्या चाकातला ‘टक्’

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव लागला की पिकअप थेट ओल्या वाळूत उतरतात. परवा त्यातली एक रुतली. चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा टाकलेला, मागची चाकं वाळू उधळतायत आणि पुढची दोन्ही ढिम्म. ड्रायव्हरने मग सगळेच करतात तेच केलं. थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे. पुढची चाकं आपोआप जोडणाऱ्या ऑटोमॅटिक हबला नेमकं हेच मानवत नाही.

साध्या रस्त्यावर पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर लागत नाही. तरी ती ॲक्सलला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या आसाला, जोडलेली राहिली तर ॲक्सल, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत फिरकी वाटणारा गिअरांचा संच), शाफ्ट असा सगळा बारदाना फुकट फिरतो. त्याने डिझेल जातं आणि झीजही होते. म्हणून चाकाच्या मध्यभागी हब असतो, हवं तेव्हा ॲक्सल आणि चाक यांना जोडणारा. महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या जीप रस्त्यावर नीट चालाव्यात म्हणून आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये अमेरिकेत असे हब बनवणारी कंपनी काढली. ते हाताने फिरवायचे, म्हणजे गुडघाभर चिखलात उतरून.

ऑटोमॅटिक हबमध्ये हे काम घर्षण करतं. ॲक्सल फिरू लागला की आतली एक कडी मागे रेंगाळते, त्यामुळे दातेरी चकती कॅमच्या, म्हणजे तिरक्या कडेच्या तुकड्याच्या, उतारावर चढते आणि चाकाच्या दात्यांत जाऊन बसते. टक्! दिशा उलटली की चकती आधी खाली उतरते, मग दुसऱ्या बाजूने चढते. म्हणूनच टू-व्हीलमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) आल्यावर गाडी मीटर-दोन मीटर मागे घेऊन हब सोडवतात. पण वाळूत मागेपुढे करताना दर वेळी जोड सुटतो आणि पुन्हा बसायला क्षण जातो. (काही गाड्यांत हब व्हॅक्यूमवर चालतो, त्यांचं तंत्र वेगळं.)

तपासणी घरच्या अंगणात करावी. इंजिन बंद, दांडा टू-व्हीलमध्ये, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, पुढची दोन्ही चाकं वर आणि खाली भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जाऊ नये. चाक हाताने फिरवलं तर ॲक्सलवर मारलेली खडूची रेघ जागची हलता कामा नये. मग पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलकडे फिरकी नेणारा लांब दांडा, हाताने फिरवा. जरा पोकळ फिरेल, टक् होईल आणि चाकं फिरू लागतील. आता कुणाला तरी डावं चाक धरायला सांगा, उजवं फिरायला हवं. नंतर उजवं धरून डावं पाहा.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या, कारण एकच हब बसला नाही तर साधं डिफरन्शियल सगळी फिरकी त्या मोकळ्या ॲक्सलला देऊन टाकतं. दुसरा हब धडधाकट असूनही त्याच्या चाकाला काहीच पोचत नाही.

हर्णैच्या त्या गाडीत असंच झालं होतं. ती ओढून काढली दुसऱ्या पिकअपने, भरती टायरला लागायच्या आत. गॅरेजमध्ये डावा हब उघडला तर ग्रीस दुधाळ चहासारखं झालेलं, आणि चकतीच्या दात्यांत वाळू.