दोन फेऱ्या हाताने

जुन्या कात्रज बोगद्याच्या अलीकडे, चढावरच, माझ्या मित्राची गाडी बंद पडली. धूर नाही, वास नाही. इंजिन एकदम गप्प झालं. त्याने पुन्हा स्टार्टर मारला, तर तो नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरायला लागला. त्याचा फोन आला तेव्हा शेजारचे काका माझ्याकडेच बसले होते. पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिन जुळणीवर त्यांचा उभा जन्म गेलेला. "स्टार्टर हलका फिरतोय?" त्यांनी विचारलं. "मग परत मारू नको म्हणावं. टायमिंग बेल्ट गेला." गॅरेजमध्ये हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं तेव्हा हवा आत-बाहेर सोडणाऱ्या आठ झडपांपैकी, म्हणजे व्हॉल्व्हपैकी, सहा वाकलेले निघाले.

हलक्या फिरणाऱ्या स्टार्टरवरून काकांनी हे कसं ओळखलं? स्टार्टरला जोर लागतो तो सिलिंडरमधली हवा दाबण्यासाठी, आणि हवा दाबायची तर व्हॉल्व्ह बंद हवेत. पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. टायमिंग बेल्ट हा दातेरी पट्टा त्याच्यावरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवतो. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट जागीच थांबतो. काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, हवा निसटते, आणि पिस्टन रिकामेच वर-खाली होतात.

एका चक्रात पिस्टनचे चार टप्पे असतात: हवा घेणं, दाबणं, जळणं, धूर बाहेर टाकणं. त्यासाठी क्रँकशाफ्टला दोन फेऱ्या लागतात, पण प्रत्येक व्हॉल्व्ह त्यात एकदाच उघडायचा असतो. म्हणून कॅम अर्ध्या गतीने फिरतो. क्रँकच्या पुलीला २० दात असले, तर कॅमच्या पुलीला ४०. क्रँकच्या मिनिटाला ३,००० फेऱ्या होत असतील, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. उघडताना तो साधारण ८ ते १० मिलिमीटर खाली सिलिंडरमध्ये उतरतो. बऱ्याच इंजिनांत पिस्टनही याच जागेत वर येतो, फक्त वेगळ्या वेळी. लेझीम खेळताना समोरासमोरच्या ओळी एकमेकींच्या जागेत शिरतात, तसंच हे. ठेका धरलेला आहे तोवर कुणाला कुणाचा धक्का लागत नाही.

काही इंजिनांत ही जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. तिथे बेल्ट तुटला तर गाडी नुसती थांबते. पण ज्वलनासाठी हवा जितकी जास्त दाबायची, तितकी वरची जागा आक्रसत जाते. डिझेलमध्ये तर ती फारच थोडी उरते. १९९८ साली आलेल्या, पिंपरीत तयार झालेल्या इंडिकाच्या डिझेल इंजिनातही असाच दातेरी बेल्ट होता.

रबरी पट्ट्याकडे एवढी जबाबदारी आली ती १९६० च्या दशकात. जर्मनीच्या ग्लास कंपनीची १००४ ही मोटार १९६२ मध्ये बाजारात आली. दातेरी बेल्टवर कॅम फिरवणारी ती मोठ्या प्रमाणावर बनवलेली पहिली गाडी. त्याआधी साखळी किंवा गिअर असत. बेल्ट हलका, आवाज न करणारा, तेलाशिवाय चालणारा. त्याच्या पोटात काचेच्या तंतूंचे दोर असतात, कारण काच ताणली तरी जवळजवळ लांबत नाही. इथे लांबी वाढून चालतच नाही. बेल्ट नुसती ताकद पोचवत नाही, तो कोन पोचवतो. क्रँक आत्ता कुठे आहे हे तो कॅमला क्षणोक्षणी कळवत असतो.

हे समजलं तेव्हाच मी ठरवलं की माझ्या गाडीचा बेल्ट बदलायला काकांच्या हाताखाली उभं राहायचं. गाडी जेमतेम ३८,००० किलोमीटर चाललेली, पण सात वर्षांची. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे असतात, आणि जो आधी येईल तो धरायचा असतो. उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने रबर उभ्या गाडीतही कडक होत जातं. शिवाय किलोमीटर सगळं सांगत नाहीत. हिंजवडीच्या कोंडीत इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी तासभर चालू राहिलं, तर क्रँक ४८,००० वेळा फिरतो, आणि मीटरवर चार-पाच किलोमीटरच दिसतात.

आधी पुस्तिका उघडून आपल्या गाडीला बेल्ट आहे की साखळी हे बघा. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांना साखळी असते. कॅम पकडून ठेवायचं खास हत्यार लागणारं इंजिन असेल, तर ते गॅरेजकडेच द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही नाना पेठेतून बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा वॉटर पंप एकदमच आणले. पंप त्याच बेल्टवर फिरतो. तो वर्षभराने गळायला लागला, तर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

रविवारी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना, पार्किंगमध्ये काम सुरू केलं. थंड असण्याला कारण आहे. अ‍ॅल्युमिनियम तापलं की वाढतं. क्रँक आणि कॅममध्ये ३०० मिलिमीटर अंतर धरलं, तर ७० अंशांनी तापल्यावर ते जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढेल आणि बेल्ट आपोआप ताणला जाईल. पुस्तिकेतला ताण थंड इंजिनासाठी दिलेला असतो.

बॅटरीची वायर काढली, गाडी जॅकवर घेऊन स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. स्पार्क प्लग काढल्यामुळे क्रँक हाताने सहज फिरायला लागला. क्रँकच्या पुलीचा बोल्ट मात्र हट्टी असतो. गिअर टाकून माझा मुलगा ब्रेकवर पाय रोवून बसला, तेव्हा कुठे तो लांब पान्याला सुटला. इंजिनाला गाडीत धरून ठेवणारं त्या बाजूचं माउंटिंग सोडण्याआधी ऑइल पॅनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार दिला.

कव्हर निघालं की खुणा दिसतात: क्रँकच्या पुलीवर एक, कॅमच्या पुलीवर एक. क्रँकची खूण प्रत्येक फेरीत जुळते, पण कॅमची एकाआड एक फेरीलाच. दोन्ही एकदम जुळेपर्यंत फिरवायचं आणि मगच टेन्शनर सैल करायचा. काकांनी आधी त्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले आणि फोटोही काढायला लावला. बेल्ट निघाल्यावर दोन्ही शाफ्टना हात लावायचा नाही, कारण व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलत असतात आणि तो टुणकन हलू शकतो.

नवा बेल्ट मी हातात घेऊन जरा जास्तच वाकवला, तर काका चटकन म्हणाले, "अरे, पिळू नको त्याला. आतली काच मोडते, आणि बाहेरून काही दिसत नाही." बेल्ट क्रँकवरून चढवायचा, टेन्शनर नसलेली बाजू ताठ ठेवत कॅमवर घ्यायचा, शेवटी टेन्शनरवर. एक दात जरी चुकला, तरी ४० दातांच्या पुलीवर कॅम ९ अंशांनी चुकतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबात १८. तेवढ्यानेही इंजिन थरथरतं आणि चढाला ओढत नाही.

मग सगळ्यात महत्त्वाचं काम: पाना लावून क्रँक हाताने, इंजिन फिरतं त्याच दिशेने, पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचा. तेवढ्यात कॅमची एक फेरी होते, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. कुठे कडक अडलं, तर जोर लावायचा नाही. बहुधा व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असतो. हाताच्या गतीत तो नुसता टेकतो. स्टार्टरच्या गतीत वाकतो.

दोन फेऱ्यांनंतर पुल्यांच्या खुणा जुळल्या, पण नव्या बेल्टवर छापलेल्या रेघा भलतीकडेच गेल्या होत्या. माझ्या पोटात गोळा आला. काकांनी वहीवर हिशेब करून दाखवला. समजा बेल्टला १०५ दात आहेत. कॅमच्या एका फेरीत त्यातले ४०च पुढे सरकतात. रेघा पुन्हा जागेवर यायला कॅमच्या २१, म्हणजे क्रँकच्या ४२ फेऱ्या लागतील. त्या रेघा फक्त बसवताना बघायच्या. नंतर बघायच्या त्या पुल्यांवरच्या.

क्रँकचा बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळला. संध्याकाळी चहा पिताना मी जुना बेल्ट हातात घेतला. काळा, स्वच्छ, एकही धागा सुटलेला नाही. उगाच बदलला की काय, असं मनात आलं. काकांनी तो माझ्या हातातून घेतला आणि उलटा वाकवून बल्बखाली धरला. बहुतेक प्रत्येक दाताच्या मुळाशी केसाएवढी एकेक चीर उघडली होती.