पेटीचा गंधार आणि विणेकऱ्याचा कान

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात सप्ताह बसला, की पहाटेच्या काकड्याला एक भांडण ठरलेलं असतं. भूप रागाच्या अंगाची चाल सुरू झाली की गळ्यात वीणा घेतलेले म्हातारे विणेकरी पेटीवाल्याकडं बघून कपाळाला आठ्या घालतात. "गंधार टोचायलाय रे बाबा तुझा." (गंधार म्हणजे सारेगम मधला ग.) पेटीवाला म्हणतो, "आजोबा, परवाच सुरात लावून आणलीय पेटी." बरीच वर्षं मला वाटायचं, आजोबांचे कान गेले. पुढं हिशोब मांडून बघितला, तेव्हा कळलं की दोघंही खरं बोलतात. ते कसं, हे सांगायचं तर चार शब्दांतून जावं लागतं. पाश्चात्त्य संगीताच्या पहिल्या धड्यात ते मेलडी, फॉर्म, टेक्स्चर आणि हार्मनी या नावांनी भेटतात. आपण चाल, बांधणी, पोत आणि स्वरमेळ म्हणू.

चाल सगळ्यांत ओळखीची. एकामागून एक येणारे स्वर, त्यांचे चढ-उतार आणि थांबे, एवढंच तिचं सामान. पण तिची एक खोड मजेशीर आहे. आमच्याकडं पुरुषांचं भजन बहुधा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून चालतं, महिला मंडळ तोच अभंग काळी चारमध्ये घेतं. काळी एकपासून काळी चारपर्यंत गेलं की प्रत्येक स्वराची कंपनसंख्या जवळपास दीडपट होते, म्हणजे मूळच्या प्रत्येक स्वराची कंपनं बदलून जातात. तरी शेजारचं पोरगंही ओळखतं, की ही तीच चाल. कारण कान कंपनं मोजत बसत नाही, दोन स्वरांमधलं गुणोत्तर धरतो. सा २४० असेल तर प ३६०, सा ३०० असेल तर प ४५०. आकडे बदलले तरी दीडपट कायम.

बांधणीबद्दल आमच्या टाळकऱ्यांना काही शिकवायला नको. महाराज चरण म्हणतात, टाळकरी ध्रुपद धरतात. पुन्हा नवा चरण, पुन्हा तेच ध्रुपद. युरोपात अशा घाटाला रोंदो म्हणतात. जात्यावरच्या ओव्यांची बांधणी याहून साधी, एकच चाल आणि तिच्यावर हव्या तेवढ्या ओव्या, दळण संपेपर्यंत. ध्रुपद परत येतं तेव्हा ऐकणाऱ्याला घरी आल्यासारखं वाटतं, आणि दोन घटका आधी नुसता ऐकायला बसलेला माणूसही त्या जागी आवाज मिसळू शकतो.

ही बांधणी सुटी सुटी करून, तिच्या भागांना नावं देणारा एक माणूस मराठवाड्यातच होऊन गेला, हे मात्र आपल्याकडं फार कमी लोकांना ठाऊक असतं. देवगिरीच्या यादव दरबारात, सिंघणदेवाच्या काळात (सुमारे १२१० ते १२४७) शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. आजोबा काश्मीरहून आलेले, स्वतःची नोकरी राज्याच्या हिशोबाची. या हिशोबनिसानं सात अध्यायांचा 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात गीतप्रबंधाचे, म्हणजे त्या काळच्या बांधीव गाण्याचे, भाग आहेत ते उद्ग्राह, मेलापक, ध्रुव आणि आभोग, आणि ध्रुव व आभोगाच्या मध्ये कधी येणारा अंतरा. मेलापक गाळला तरी चालतो, आभोगही गाळता येतो. ध्रुव गाळता येत नाही, म्हणून तो ध्रुव. आपलं ध्रुपद आणि ख्यालातला अंतरा या शब्दांना एवढं वय आहे.

पोत म्हटलं की आमच्या भागात आधी गोंधळातला पेटता पोत डोळ्यांपुढं येतो. इथं मात्र कापडाचा पोत घ्यायचा. एका वेळी किती धागे, आणि ते एकमेकांत कसे गुंतलेत, हा प्रश्न. जात्यावरची ओवी म्हणजे एकच धागा. दोघी आलटून पालटून गायल्या तरी एकच. भजनाचं तसं नाही. महाराज शब्द लांबवतात, मध्येच हरकत घेतात. टाळकरी तीच ओळ सरळ म्हणतात. पेटी अर्धा श्वास मागून येते, आणि ज्याला स्वर सापडत नाही असा एक जण सगळ्यांच्या खाली आपला वेगळाच घुमत असतो. चाल एकच, पण प्रत्येकाच्या गळ्यातून थोडी वेगळी निघालेली. संगीतशास्त्रात या पोताला हेटरोफोनी म्हणतात. मला विचाराल तर भजनाची निम्मी गोडी या किंचित विस्कटलेपणात आहे. मोबाईलवर फिरणारी, संगणकावर एकसारखी करून घेतलेली भजनं ऐका. चालही तीच, ध्रुपदही तेच, पण पोत पॉलिस्टरचा.

दोन-तीन वेगळ्या चाली मुद्दाम एकत्र विणल्या की ती पॉलिफोनी. (जत्रेत एकीकडं हलगी आणि दुसरीकडं बँजो पार्टी वाजते, ती नव्हे.) आता योगायोग बघा. शार्ङ्गदेवाच्या थोडं आधी, साधारण १२०० च्या सुमाराला, पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये पेरोतिन नावाचा रचनाकार चार आवाजांसाठी लिहीत होता. तिकडची वाट अनेक आवाज एकत्र बांधत हार्मनीकडं, म्हणजे वेगळे स्वर एकाच वेळी जुळवण्याकडं गेली. इकडच्या वाटेनं एक सा पक्का धरला आणि त्याच्या उजेडात बाकीचे स्वर न्याहाळले. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहारे बदलतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. भक्तीचा भाग आहेच, पण संगीताच्या दृष्टीनं तोच तो धरलेला सा.

आणि भांडणाचं मूळ तिथंच आहे. तार छेडली की ती एकच स्वर देत नाही. १२० कंपनांची तार सोबत २४०, ३६०, ४८०, ६०० अशीही कंपनं देते. यातलं ३६० म्हणजे पंचम आणि ६०० म्हणजे गंधार. कुणी न लावता आपोआप उमटतो, म्हणून गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सा, ग, प हे ४:५:६ या प्रमाणात एकत्र वाजवले की युरोपातल्या हार्मनीची पहिली वीट तयार होते. म्हणजे जी गोष्ट तिकडं तीन गायक मिळून करतात, तिची पुसट सावली आजोबांच्या एका तारेत आधीपासून असते.

पेटीचं गणित वेगळं आहे. कुठलीही पट्टी सा धरता यावी, म्हणून तिच्या सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक स्वर मागच्यापेक्षा सुमारे ५.९५ टक्के वर. या वाटणीत पंचम जवळजवळ खरा राहतो. गंधार मात्र चढतो. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर १४ भागांनी. वीणेचा सा १२० आणि पेटीचा त्याच्या दुप्पट, २४० असेल तर पेटीचा गंधार ३०० हवा, तो येतो ३०२.४. पेटीच्या स्वरासोबतही त्याच्या दुप्पट कंपनं उमटतात, ती ६०४.८, आणि वीणेतला स्वयंभू गंधार ६००. दोन जवळचे आवाज एकत्र आले की त्यांच्यातल्या फरकाएवढे विस्पंद होतात, म्हणजे आवाज सेकंदाला जवळपास पाच वेळा थरथरतो. पंचमाचा फरक इतका बारीक, की अडीच सेकंदांत एखादा विस्पंद. म्हणून पंचमाबद्दल गावात कधी तक्रार नाही. त्यात भूपाचा वादी, म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचा स्वर गंधारच. चाल जिथं विसावा घेते, नेमकं तिथंच टोचतं, आणि वीणा ज्याच्या छातीशी आहे त्याला सगळ्यांत जास्त.

या तक्रारीत आजोबा एकटे नाहीत. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीसेक वर्षं राहिली. ठरीव स्वर हे त्यामागचं एक कारण, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही हे दुसरं. गंमत म्हणजे हार्मोनियम हे नावच हार्मनीवरून पडलेलं. १८४० च्या सुमाराला पॅरिसमध्ये घडलेलं हे वाद्य आपल्याकडं आलं, भात्याला हात लागला, आणि हार्मनी सोडून ते गळ्यामागं पळायला लागलं.

शार्ङ्गदेवानं हा घोळ कानानं सोडवला असता. श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक स्वरभेद, दाखवायला त्यानं बावीस-बावीस तारांच्या दोन सारख्या वीणा सांगितल्यात. प्रत्येक तार मागचीपेक्षा इतकीच चढी, की मध्ये तिसरा आवाज मावू नये. ज्या दोन स्वरांमध्ये बारा किंवा आठ श्रुती असतील ते एकमेकांचे संवादी, म्हणजे एकमेकांशी जुळणारे, असं तो लिहितो. म्हणजे आपले सा-प आणि सा-म.

आमच्या पेटीवाल्यानं मात्र आपल्यापुरता तोडगा काढलाय. गेल्या सप्ताहात मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. चाल गंधारावर येऊन थांबली की तो हळूच बोट उचलतो, नुसता सा धरून भाता हलवत राहतो. गंधार वीणेतून आणि गळ्यांतून येतो. पहिल्या दिवशी आजोबांनी वळून बघितलं, काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारलं, "पेटी नवीन घेतली काय रे?"