सार्थकता चाचणी आणि ०.०५ ची रेघ

पी-मूल्य, म्हणजे दोन गटांत प्रत्यक्षात फरक नसतानाही निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची संभाव्यता, ०.०५ पेक्षा कमी आले की फरक ‘सार्थ’, जास्त आले की ‘असार्थ’, ही विभागणी पीएच.डी.च्या प्रबंधांपासून औषधांच्या चाचण्यांपर्यंत गृहीत धरली जाते; मात्र ही रेघ कोणत्याही गणिती सिद्धांतातून निघालेली नाही. असे फरक तपासणारी काय-वर्ग चाचणी १९०० मध्ये आली आणि टी-चाचणी १९०८ मध्ये डब्लिनच्या बिअर कारखान्यातील एका रसायनतज्ज्ञाने टोपणनावाने मांडली, तेव्हाही ती ठरलेली नव्हती.

ती रूढ झाली १९२५ मध्ये, इंग्लंडमधील एका शेती संशोधन केंद्रातील संख्याशास्त्रज्ञाच्या पुस्तकामुळे. वीसात एकदा योगायोगाने घडेल इतका फरक म्हणजे सरासरीपासून १.९६, ढोबळमानाने दोन प्रमाण विचलने (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप), आणि ही मर्यादा सोयीची आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते. १९५६ मध्ये त्यानेच लिहिले, की कोणताही शास्त्रज्ञ दरवर्षी व सर्व परिस्थितींत एकच पातळी वापरत नाही. दरम्यान १९३३ मध्ये दोघा संशोधकांनी पर्यायी परिकल्पना (फरक आहे हे गृहीतक), दोन प्रकारच्या चुका (नसलेला फरक मानणे आणि असलेला फरक नाकारणे) आणि आधीच ठरवलेला निर्णयनियम अशी वेगळीच चौकट मांडली होती. एका बाजूला पी-मूल्य हे पुराव्याचे माप होते, तर दुसऱ्या बाजूला चाचणी हा दीर्घकाळात चुकांचे प्रमाण मर्यादित ठेवणारा नियम होता. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी या दोन विसंगत विचारांची सरमिसळ केली आणि विद्यार्थ्यांना ती एकच पद्धत म्हणून शिकवली. आजच्या गोंधळाचे मूळ आकड्यापेक्षा या सरमिसळीत अधिक आहे.

त्यात ‘सार्थकता’ या शब्दाने भर घातली. इंग्रजीत १८८५ च्या सुमारास मूळ शब्द वापरला गेला तो ‘हा फरक काहीतरी सूचित करतो’ एवढ्याच अर्थाने. मराठीत मात्र जन्माचे सार्थक होते, श्रम सार्थकी लागतात, त्यामुळे फरक सार्थ म्हटला की तो मोलाचाही वाटतो. ‘लक्षणीय’ म्हटले तर तो मोठा वाटतो. दहा-दहा हजार रुग्णांच्या दोन गटांत रक्तदाबातील अवघ्या एका मिलिमीटरचा फरकही सहज सार्थ ठरेल, पण तेवढ्यावरून डॉक्टर औषध बदलणार नाहीत.

२०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा केले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष सार्थ होते. पुनरावृत्तीत हे प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांवर आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने निवेदन काढून स्पष्ट केले, की पी-मूल्य म्हणजे परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता नव्हे. २०१७ मध्ये सत्तरहून अधिक संशोधकांनी नव्या शोधांच्या दाव्यांसाठी रेघ ०.००५ वर नेण्याचा प्रस्ताव ठेवला. त्याने रेघ केवळ सरकली असती. २०१९ मध्ये आठशेहून अधिक जणांनी सह्या केलेली मागणी अधिक मूलगामी होती: पी-मूल्य हवे तर द्यावे, पण सार्थ-असार्थ हे कप्पे सोडून फरक किती आहे आणि त्या अंदाजाच्या खालच्या व वरच्या मर्यादा काय आहेत, यांची चर्चा करावी.