ओपिऑइडजन्य बद्धकोष्ठता : अतिदक्षता विभागातील उपचार

मॉर्फिन, फेंटानिल अशा अफूवर्गीय (ओपिऑइड) वेदनाशामकांमुळे आतड्याची हालचाल मंदावून होणारी बद्धकोष्ठता. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला ही औषधे अनेकदा दिवसेंदिवस शिरेतून चालू असतात आणि गुंगीमुळे त्याला तक्रारही करता येत नाही. तीन दिवस शौचाला झालेली नाही, हे परिचारिकेने रोज नोंद ठेवली तरच कळते.

ही औषधे आतड्याच्या भिंतीतील म्यू ग्राहींवर (ओपिऑइड जिथे चिकटतात अशा पेशींवरील जागांवर) काम करतात. मळ पुढे सरकवणाऱ्या लाटा क्षीण होतात, स्राव घटतो, पाणी जास्त शोषले जाते, गुदद्वाराचा स्नायू आवळलेला राहतो. गुंगीची, मळमळीची शरीराला हळूहळू सवय होते. बद्धकोष्ठतेची मात्र फारशी होत नाही. त्यामुळे वाट पाहण्यापेक्षा ओपिऑइडसोबतच रेचक सुरू करणे शहाणपणाचे. पोटॅशियमची कमतरता आणि अंथरुणाला खिळलेपण यांनी त्रास वाढतो.

त्याआधी आतड्यात अडथळा नाही ना, हे तपासावे लागते. गुदपरीक्षणही टाळू नये : मळाचा खडा अडकला असेल, तर त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि जुलाब समजून रेचक बंद केले जाते. ही चूक रुग्णाला महागात पडते.

घरोघरी चालणारा इसबगोल इथे योग्य नाही. तो फुगून नाकातून जठरात घातलेली नळी तुंबवू शकतो आणि त्याला भरपूर पाणी लागते. नळीतून लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल देतात. लॅक्टुलोजने वायू होऊन पोट फुगू शकते. जोडीला आतड्याला चालना देणारे सेन्ना किंवा बिसाकोडिल, नाहीतर एनिमा. मूत्रपिंड निकामी असल्यास फॉस्फेटचा एनिमा आणि मॅग्नेशियमची रेचके टाळतात. प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी फार कमी असल्यास गुदमार्गे उपचारच टाळतात.

मेथिलनाल्ट्रेक्सोन हे ओपिऑइडरोधक औषध मेंदूत फारसे शिरत नसल्याने वेदनाशमन कायम ठेवून आतड्यातला अडसर काढते. उपशामक सेवेतील रुग्णांसाठी अमेरिकेत ते 2008 मध्ये मंजूर झाले. मात्र 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडच्या अतिदक्षता विभागांतील 84 रुग्णांच्या चाचणीत पहिली शौच लवकर होण्यात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली मात्रेपेक्षा) ते सरस ठरले नाही. म्हणून सर्वांना सरसकट देण्याचे ते औषध नव्हे. अडथळा नसतानाही मोठे आतडे फार फुगल्यास आतड्याची हालचाल वाढवणारे निओस्टिग्मिन देतात. नाडी एकदम मंदावू शकते, म्हणून मॉनिटर सुरू आणि नाडी वाढवणारे अॅट्रोपिन हाताशी हवे.

शौच व्हावी म्हणून वेदनाशामक तोडणे क्रूरपणाचे आहे. पॅरासिटामॉल किंवा नसांभोवतीच्या भुलीची जोड देऊन वेदना आवरत असेल, तेवढीच ओपिऑइडची मात्रा उतरवावी.