अमोनियम सायनेट: एक अभिक्रिया, तीन शाखा

बर्लिनमधील एका औद्योगिक शाळेत शिकवणारे फ्रीड्रिख व्होलर यांना 1828 साली हवा होता तो अमोनियम सायनेट हा साधा असेंद्रिय क्षार. सिल्व्हर सायनेटवर त्यांनी नवसागराच्या (अमोनियम क्लोराइडच्या) द्रावणाची क्रिया घडवली, सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका गाळून काढला आणि उरलेले द्रावण आटवले, तेव्हा हाती आले ते रंगहीन, लांबट स्फटिक. ते अमोनियम सायनेटचे असते, तर अल्कली घालताच अमोनियाचा दर्प सुटायला हवा होता. तो सुटला नाही. मात्र नायट्रिक आम्ल टाकताच चमकदार पापुद्रे साचले, अगदी मूत्रातून काढलेल्या युरियापासून साचतात तसेच.

मूत्रपिंडाशिवाय युरिया तयार करता येतो, असे व्होलर यांनी गुरू बर्झेलियस यांना पत्राने कळवले. या एका पत्राने जीवनशक्तीची कल्पना, म्हणजे सजीवांतील पदार्थ केवळ सजीवांतील खास शक्तीमुळेच बनतात ही समजूत, कोसळली, ही पुढे रूढ झालेली कथा जपूनच ऐकावी. सायनेटे मुळात प्राणिज पदार्थांपासून मिळवली जात, त्यामुळे जीवनशक्ती मानणाऱ्यांना पळवाट उरलीच होती, आणि व्होलर यांना त्याची जाणीव होती.

समकालीनांना खरा पेच पडला तो वेगळाच. अमोनियम सायनेट आणि युरिया या दोन्ही पदार्थांच्या रेणूसूत्रात कार्बन 1, ऑक्सिजन 1, नायट्रोजन 2 आणि हायड्रोजन 4, तरीही गुणधर्म भिन्न. याआधी रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचे स्फोटक सिल्व्हर फल्मिनेट आणि व्होलर यांचे निरुपद्रवी सिल्व्हर सायनेट यांचे संघटन एकच निघाले, तेव्हा कुणाचे तरी विश्लेषण चुकले असावे, असा संशय घेतला गेला होता. बर्झेलियस यांनी 1830 मध्ये या प्रकाराला समघटकता असे नाव दिले, आणि अणू कोणते याइतकेच ते कसे जोडलेले आहेत हेही महत्त्वाचे ठरले.

अमोनियम सायनेटचे युरियात हे रूपांतर किती वेगाने होते, हा प्रश्न मात्र बराच काळ मागे राहिला. लाइपझिगला रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड यांच्याकडे शिकून आलेले जेम्स वॉकर आणि त्यांचे सहकारी हॅम्ब्ली यांनी 1895 मध्ये तो हाती घेतला. ठराविक वेळाने द्रावणाचा नमुना काढून त्यात किती सायनेट शिल्लक आहे, हे ते सिल्व्हर नायट्रेटच्या साहाय्याने मोजत. अभिक्रियेचा वेग अमोनियम आणि सायनेट या दोन आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) संहतींच्या, म्हणजे द्रावणातील प्रमाणांच्या, गुणाकाराशी जुळला. शिवाय अभिक्रिया उलटही फिरते, म्हणून थोडे सायनेट कायम शिल्लक राहते, हेही दिसले. आर्‍हेनियस यांच्या, क्षार पाण्यात आयनांत विभागतात, या सिद्धांताला हा मोठाच आधार वाटला. अडचण एवढीच, की आयनांऐवजी अमोनिया आणि सायनिक आम्ल यांचे रेणू एकमेकांवर आदळतात असे मानले, तरी वेगाचे समीकरण तेच येते. त्यामुळे नुसत्या वेगमापनाने आयन की रेणू या वादाचा निकाल लागणे शक्यच नव्हते.