सहकारी पत्तेखेळातील पत्त्याचे मूल्यमापन

ज्या पत्तेखेळात सगळे भिडू एकाच बाजूला असतात आणि एकत्र जिंकतात किंवा एकत्र हरतात, त्यात एखादा पत्ता किती कामाचा आहे हे ठरवण्याची रीत. हा प्रश्न दोन वेळा पडतो. पहिल्यांदा डेक (आपण निवडलेली पत्त्यांची गड्डी) बांधताना, म्हणजे तीस-चाळीस जागांपैकी एक जागा या पत्त्याला द्यावी का. आणि दुसऱ्यांदा डाव चालू असताना, म्हणजे हातातला पत्ता आत्ता खेळावा, राखून ठेवावा की टाकून द्यावा. एकच पत्ता एका भिडूच्या हातात डाव सावरतो आणि शेजारच्याच्या हातात अखेरपर्यंत पडून राहतो. त्यामुळे पत्ता पाहून किंमत सांगणे अवघड असते. सगळ्यांचे हात, उरलेला वेळ आणि पुढचे संकट पाहूनच ती सांगता येते.

पत्त्यांना आकड्यांत तोलण्याची सवय जुनी आहे. ब्रिजमध्ये एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ गुण देतात. ही मोजणी मिल्टन वर्क यांनी रूढ केली आणि चार्ल्स गोरेन यांनी ती सर्वदूर पोचवली. पूर्ण कॅटात असे ४० गुण असतात. पण जोडीदाराकडे एखाद्या रंगाचा एकही पत्ता नसेल, तर त्या रंगातल्या आपल्या राजा-राणीचे गुण कागदावरच राहतात, हे ब्रिज खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. सहकारी खेळांत हीच गोष्ट प्रत्येक पत्त्याला लागू होते.

पत्त्याचा खर्च

डेक बांधण्याच्या खेळांत मूल्यमापनाची सुरुवात खर्चापासून करावी. ‘आर्कम हॉरर: द कार्ड गेम’ (२०१६, रचनाकार नेट फ्रेंच आणि मॅथ्यू न्यूमन) हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण त्यात सगळ्या गोष्टी एकाच मापात आणता येतात. प्रत्येक भिडूला दर फेरीत कृतीच्या तीन संधी, म्हणजे तीन अ‍ॅक्शन मिळतात. एक अ‍ॅक्शन देऊन एक पत्ता ओढता येतो किंवा एक रिसोर्स, म्हणजे पत्त्यांचा खर्च भागवणारे चलन, घेता येतो. म्हणजे ढोबळमानाने एक पत्ता, एक रिसोर्स आणि एक अ‍ॅक्शन यांची किंमत सारखी. आता ‘इमर्जन्सी कॅश’ हा साधा पत्ता पाहा: खर्च शून्य, मिळकत ३ रिसोर्स. तो खेळायला एक अ‍ॅक्शन जाते आणि तो पत्ताही जातो. दोन गेले, तीन आले. निव्वळ नफा एक. फार थोर पत्ता नव्हे, पण तोट्याचाही नव्हे. नवा पत्ता समोर आला की अनुभवी भिडू मनातल्या मनात प्रथम हाच हिशेब मांडतात.

हा हिशेब जितका उपयोगी, तितकाच फसवाही आहे. ‘वर्किंग अ हंच’ या पत्त्याला २ रिसोर्स लागतात आणि तो जिथे उभे आहोत तिथला एक सुगावा (डाव पुढे नेण्यासाठी गोळा करायची खूण) हाती देतो. वरच्या मापाने २ रिसोर्स आणि स्वतः पत्ता मिळून ३ गेले. तोच सुगावा एका अ‍ॅक्शनमध्ये, चाचणी यशस्वी झाली तर, तपास करूनही मिळाला असता. वहीत हा व्यवहार सरळ नुकसानीचा दिसतो. तरी हा पत्ता हौसेने घेतला जातो आणि घेणारे चुकत नाहीत. त्याला अ‍ॅक्शन लागत नाही, चाचणी लागत नाही, आणि अंगावर शत्रू असताना तो खेळला तर शत्रूला फुकटचा वारही मिळत नाही. शेवटच्या फेरीत, एकच सुगावा कमी पडत असताना आणि तिन्ही अ‍ॅक्शन दुसरीकडे बांधलेल्या असताना, आधीच्या निवांत फेऱ्यांत साठवलेले दोन रिसोर्स देऊन तो सुगावा विकत घेता येतो. निवांत फेरीतली अ‍ॅक्शन आणि अडलेल्या फेरीतली अ‍ॅक्शन यांची किंमत एक नसते. स्वस्त वेळ साठवून महाग वेळी वापरू देणे, हाच अशा पत्त्यांचा खरा गुण आहे आणि नुसत्या बेरीज-वजाबाकीत तो कधीच दिसत नाही.

याच खेळात पत्त्याचा आणखी एक उपयोग असतो. त्यावरचा मजकूर न वापरता, कडेला छापलेल्या कौशल्यचिन्हांसाठी तो चाचणीत लावता येतो. एका चिन्हाने कौशल्य एकाने वाढते. हे ‘एक’ किती मोलाचे, हे टोकनच्या पिशवीवर ठरते; चाचणीत तिच्यातून काढलेले टोकन कौशल्य कमी-जास्त करते. मूळ संचातल्या पहिल्या प्रसंगात (कथेच्या एका डावात) नेहमीच्या काठिण्यपातळीला पिशवीत १६ टोकन असतात. जवळपास पिशाच नसेल, तर कौशल्य आणि अडचण बरोबरीत असताना १६ पैकी ६ टोकनांवर यश मिळते. कौशल्य एकाने जास्त झाले की १० वर, दोनाने झाले की १३ वर, तिनाने १४ वर आणि चाराने १५ वर. सोळावे टोकन हमखास अपयशाचे असते; त्याला कोणतेही चिन्ह पुरे पडत नाही. म्हणजे पहिल्या चिन्हाने चार टोकन आपल्या बाजूला येतात, दुसऱ्याने तीन, त्यानंतर प्रत्येकी एकच. दोन मुक्त (कोणत्याही कौशल्याला चालणारी) चिन्हे असलेला ‘अनएक्स्पेक्टेड करेज’ बरोबरीच्या चाचणीत लावला, तर तो यशाची शक्यता ६ वरून १३ वर नेतो. आधीच दोनाने पुढे असलेल्या भिडूने लावला, तर १३ वरून केवळ १५ वर. पत्ता तोच, पण पहिल्या भिडूला त्याने साडेतीनपट जास्त दिले. त्याच ठिकाणी असलेल्या दुसऱ्या भिडूच्या चाचणीतही एक पत्ता लावता येत असल्यामुळे तो कोणाच्या कामी लावायचा, हा निर्णय साऱ्या संघाचा असतो.

किती भिडू, कोणते भिडू

आर्कममध्ये बहुतेक ठिकाणच्या सुगाव्यांची संख्या भिडूंच्या संख्येच्या पटीत वाढते. एकट्याने खेळताना जिथे एक सुगावा पुरतो, तिथे चौघांना चार लागतात. त्यामुळे ‘एक सुगावा मिळवा’ असे सांगणारा पत्ता एकट्या भिडूसाठी पुरे ठिकाण मोकळे करतो आणि चौघांत पाव काम करतो. जखमा बऱ्या करणारे, दुसऱ्याला अ‍ॅक्शन किंवा पत्ते देणारे पत्ते याच्या उलट वागतात. मदत घ्यायला जितके जास्त भिडू, तितके ते फळतात. एकट्याच्या डेकमध्ये थोडे लढणारे, थोडे तपासणारे असे सरमिसळ पत्ते लागतात. चौघांत मात्र अर्धवट लढणारा तपासनीस ओझे होतो, कारण लढायला शेजारी कोणीतरी पुरता सज्ज बसलेला असतो. म्हणून ‘हा पत्ता चांगला आहे का?’ या प्रश्नाला किती जण खेळणार हे विचारल्याशिवाय दिलेले उत्तर अर्धे असते.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेम’ (२०११) मध्ये हीच बाब वेगळ्या वाटेने येते. त्यातला ‘स्ट्युअर्ड ऑफ गोंडोर’ २ रिसोर्समध्ये येतो आणि दर फेरीत २ रिसोर्स देतो. आल्या फेरीतच आपला खर्च भरून काढतो. एकटा पाहिला तर याहून सरस पत्ता शोधावा लागेल. पण तो एकमेव गणला जातो, म्हणजे सगळ्या भिडूंत मिळून मेजावर त्याची एकच प्रत असू शकते. दोघांनी आपापल्या डेकमध्ये तीन-तीन प्रती घातल्या, तर सहातल्या पाच नुसत्या हातात अडकतात. त्याच खेळातला ‘स्नीक अटॅक’ एका रिसोर्समध्ये हातातला साथीदार एका टप्प्यापुरता मैदानात आणतो. स्वतःचे असे त्याच्याजवळ काही नाही. पण हातात ५ रिसोर्सचा गॅन्डाल्फ असला, की तो येताना तीन पत्ते ओढतो, किंवा शत्रूला चार घाव घालतो, किंवा धोक्याची पातळी पाचाने उतरवतो, आणि टप्पा संपताच पुन्हा वापरण्यासाठी हातात परततो. अशा पत्त्याची किंमत त्याच्या जोडीदाराच्या प्रतींवर मोजावी लागते. इथे शक्यतेचे गणित मदतीला येते. तीस पत्त्यांच्या डेकमध्ये एखाद्या पत्त्याच्या दोन प्रती असतील, तर सुरुवातीच्या पाच पत्त्यांत निदान एक येण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के असते. ते पाचही बाजूला ठेवून नवे पाच घेता आले, तर सुमारे ५६ टक्के. जो पत्ता पहिल्याच फेरीत हवा आणि नंतर नको, त्याचा अर्ध्याअधिक वेळा भरवसा धरता येतो, इतकेच.

‘मार्व्हल चॅम्पियन्स’ (२०१९) मध्ये पत्त्यांचा खर्चही पत्त्यांनीच भागवतात: हातातले इतर पत्ते टाकायचे, बहुतेकांचा एक-एक रिसोर्स मिळतो. त्यामुळे २ खर्चाचा पत्ता हातातल्या तीन जागा खातो. न खेळलेला पत्ता तिथे वाया जात नाही, तो चलन होतो. आणि म्हणूनच मध्यम पत्ते त्या खेळात इतर खेळांइतके खुपत नाहीत.

माहितीच जिथे धन आहे

‘हनाबी’ या खेळात डेक बांधायचा नसतो. तो सर्वांना सारखाच असतो आणि तरीही मूल्यमापनाचा सर्वांत सुंदर धडा इथेच मिळतो. आंत्वान बोझा यांचा हा खेळ २०१० मध्ये आला आणि २०१३ मध्ये त्याला जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा पुरस्कार मिळाला. नावाचा जपानी अर्थ आतषबाजी. पाच रंग, एकूण ५० पत्ते. प्रत्येक रंगात १ च्या तीन प्रती, २, ३ आणि ४ च्या दोन-दोन, ५ ची एकच. प्रत्येक रंग १ पासून ५ पर्यंत क्रमाने रचायचा. भिडू आपले पत्ते उलटे धरतो: ते इतरांना दिसतात, त्याला स्वतःला दिसत नाहीत. इशारा द्यायला एक टोकन खर्चावे लागते. अशी आठ टोकन असतात आणि पत्ता टाकून दिला की एक परत मिळते.

५० पैकी २५ पत्ते लागतात, २५ जास्तीचे असतात. त्या जास्तीच्या पत्त्यांत १० एक्के आहेत, दोन-तीन-चार मिळून १५ आहेत आणि पंज्या एकही नाही. म्हणून नवखा भिडू पंजीला सर्वांत मौल्यवान समजतो. मोजून पाहिले तर चित्र बदलते. एखाद्या रंगाची पंजी गेली, तर एक गुण जातो. त्याच रंगाच्या दोन्ही दुर्र्या गेल्या, तर दुर्री, तिर्री, चौका, पंजी असे चार गुण एकदम जातात. एक दुर्री टाकून झाली, की उरलेली दुर्री साऱ्या हातांतला सर्वांत जपण्याजोगा पत्ता होते, आणि बहुतेक वेळा ती ज्याच्या हातात असते त्यालाच हे कळलेले नसते. उलट एखाद्या रंगाची १ मेजावर पडली, की तिच्या बाकीच्या दोन प्रती खेळायला निरुपयोगी. पण ‘हा पत्ता निरुपयोगी आहे’ हे भिडूला कळले असेल, तर तो निर्धास्त टाकता येतो आणि टोकन परत येते. निरुपयोगीपणाची खात्री हीच इथे कमाई. या उलटापालटीमुळे हनाबी वर्षानुवर्षे खेळूनही शिळा होत नाही.

किती पत्ते टाकणे परवडते, हेही मोजता येते. गड्डी संपल्यावर प्रत्येकाला एकच पाळी मिळते. पूर्ण २५ गुण हवे असतील, तर दोघांच्या डावात जास्तीत जास्त १७ पत्ते टाकता येतात. पाच जणांच्या डावात केवळ १०, कारण २० पत्ते आधीच हातांत गेलेले असतात. म्हणजे पाच जणांत प्रत्येक इशारा अधिक महाग, आणि एका इशाऱ्यात दोन-तीन पत्त्यांची ओळख पटवणारी रचना हाती आली, तर तिचे मोलही अधिक. संगणक संशोधकांनी २०१९ पासून हनाबीला कृत्रिम बुद्धिमत्तेपुढचे आव्हान म्हणून मांडले आहे. स्वतःच्याच प्रतींबरोबर सराव केलेले प्रोग्रॅम आपसांत उत्तम गुण मिळवतात, पण अनोळखी भिडूबरोबर ढेपाळतात, असे त्यात दिसून आले. त्यांनी ठरवलेली पत्त्याची किंमत त्यांच्या आपसातल्या संकेतांवर उभी असते, आणि समोरच्याला ते संकेत ठाऊकच नसतात.

‘द क्रू’ (२०१९) हा हात जिंकण्याचा खेळ, पण अमुक भिडूने अमुक पत्ता जिंकायचा असे काम वाटून दिलेले असते. चार रंगांचे १ ते ९ आणि हुकुमाची चार रॉकेटे, असे ४० पत्ते. इथे ९ हातात असणे कधी शाप ठरते: दुसऱ्याने जिंकायचा हात आपण नको असताना ओढून बसतो. मधले ४-५-६ सर्वांत अवघड, कारण ते जिंकतीलही आणि हरतीलही.

मोजताना होणाऱ्या चुका

सर्वांत मोठी चूक आठवणीची असते. एकदा हरता डाव फिरवणारा पत्ता वर्षभर लक्षात राहतो. तो हातात नुसता पडून होता असे नऊ डाव कोणी आठवत नाही. दुसरी चूक म्हणजे आधीच जिंकत असताना आणखी जिंकवणाऱ्या पत्त्यांना भाव देणे. पत्ता मागे पडलेल्या डावात काय करतो, हे आधी पाहावे. त्यासाठी एक साधी सवय उपयोगी पडते: पत्ता ओढल्यावर लगेच स्वतःला विचारायचे, की याच्या जागी डेकमधला दुसरा कोणता पत्ता आला असता तर बरे वाटले असते? दहा डावांत आठ वेळा तेच नाव येत असेल, तर अदलाबदलीचा निर्णय झालाच म्हणायचा. पत्ता खेळला गेला की नाही, एवढीच नोंद ठेवून भागत नाही; स्वस्त पत्ता हातात राहू नये म्हणूनही खेळला जातो.

पत्त्यांच्या श्रेणी लावणाऱ्या याद्या, ज्यांना टियर लिस्ट म्हणतात, भरपूर तयार होतात. सुरुवात करणाऱ्याला त्यांचा आधार होतो, यात शंका नाही. पण याद्या करणारे बहुधा प्रसंग आधी खेळलेले असतात, आणि कोणते संकट कधी येणार हे ठाऊक असताना त्यावरचा नेमका पत्ता फारच हुशार वाटतो. पहिल्यांदा खेळणाऱ्या चमूला सावध, अनेक कामांचा पत्ता अधिक लाभतो.

आर्कमच्या प्रकाशकांनी २०१९ मध्ये ‘टॅबू’ नावाची यादी काढली. तिच्यात काही पत्त्यांची अनुभव-किंमत (पत्ता डेकमध्ये घेण्यासाठी लागणारे अनुभवगुण) वाढवली, काहींची कमी केली. ती पाळणे ऐच्छिक आहे. समोर प्रतिस्पर्धी नसलेल्या खेळात अतिबलवान पत्त्याने कोणावर अन्याय होतो, असा प्रश्न तेव्हा साहजिकच विचारला गेला. उत्तर डेक बांधणाऱ्यांच्या अनुभवात होते: प्रत्येक डेकमध्ये तेच दोन-चार पत्ते दिसू लागले होते, आणि त्यांच्यामुळे शेजारच्या भिडूला मेजावर करण्याजोगे काम उरत नव्हते.