अनुरूपता

गटाचे मत किंवा वागणे पाहून आपले बदलणे म्हणजे अनुरूपता. बोलीत ‘री ओढणे’. यात हुकूम कोणी सोडत नाही. हुकमाने वाकणे ते आज्ञापालन, त्याची गोष्ट निराळी.

मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९३५ मध्ये अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा स्थिर ठिपका दाखवला. तो हलल्याचा भास होतो. किती हलला याचे प्रत्येकाचे अंदाज गटात बसल्यावर एकमेकांजवळ सरकले. पण तिथे खरे उत्तर कोणालाच दिसत नव्हते. सॉलोमन आश यांनी १९५१ पासून केलेल्या प्रयोगांत ते ढळढळीत दिसत होते: तीन रेषांपैकी नमुन्याएवढी कोणती, एवढेच सांगायचे. गटात खरा सहभागी एकच; त्याच्या आधी बोलणारे सगळे प्रयोगकर्त्याचे साथीदार, आणि १८ पैकी १२ फेऱ्यांत ते ठरवून चुकत. त्या फेऱ्यांत खऱ्या सहभागींची साधारण एक तृतीयांश उत्तरे गटामागे गेली. मात्र सुमारे चौथा हिस्सा माणसे एकदाही वाकली नाहीत. हा आकडा सांगायचा बहुधा राहून जातो. एखादा जरी खरे बोलणारा सोबती मिळाला, किंवा उत्तर गुपचूप लिहून देता आले, की चुका झपाट्याने घटत.

डॉइच आणि जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये अशा वाकण्याची दोन कारणे वेगळी केली. ‘एवढ्या जणांना दिसतंय म्हणजे तसंच असेल’ हे एक, आणि ‘लोक काय म्हणतील’ हे दुसरे.

सातारा-सांगलीकडे दुसरे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दारूदुकान बंद करण्याचा विषय ग्रामसभेत आला, की हात वर करणारीला भावकीही बघते आणि दुकानवालाही. म्हणून ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे महिलांचे मतदान गुप्त असते. पण दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे घरी थांबलेल्या बाईचे मत आपोआप उभ्या बाटलीच्या उपयोगी पडते. चिठ्ठी गुप्त राहते, उंबरा ओलांडणे नाही.

हाच दबाव गावाच्या कामीही येतो. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा सुरू झाला. तो वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, मुले अभ्यासाला. गाव एकदा शांत झाले, की ज्याच्या घरी मालिका चालू त्याचा आवाज चार घरे पलीकडे जाणारच.